वरच्या रानातला दिवस

पहाटे 4

डिसेंबरात हरभरा घाट्यावर आला की डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. रात्री दहा-अकराला जनावर येतं तेव्हा माणूसही जागा असतो. हाळी दिली, डबा बडवला की ते जातं. खरी नासाडी होते ती साखरझोपेच्या वेळी. म्हणून माझा दिवस चारला मचाणावर सुरू होतो.

मचाण चार बल्ल्यांवर उभं आहे. तुराट्यांचा कूड, वर ताडपत्री, खाली शेकोटी. कळमनुरी तालुक्याच्या उत्तरेकडचं हे उंच रान. भूगोलाच्या पुस्तकात हिंगोली डोंगर म्हणून ज्याची नोंद आहे, त्याच्या माथ्यावरची ही जमीन. माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी इथून चांदण्यात चकाकताना दिसतं. ते कालव्यांनी उताराकडं जातं, खालच्या गावांची हळद आणि ऊस त्यावर होतो. वर चढत नाही. वरच्या रानात सोयाबीन, तूर, आणि ओल टिकली तर हरभरा. पाऊस वर्षाला साडेआठशे-नऊशे मिलिमीटरच्या घरात. पण तो मोजक्या दिवसांत कोसळतो आणि उतारावरून निघून जातो.

बॅटरीचा झोत फिरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रोहीचे, म्हणजे नीलगायीचे, डोळे झोतात चमकतात; कळप कुठं उभा आहे ते लांबून कळतं. डुकराचे डोळे चमकत नाहीत. झोत त्याच्या अंगावरून गेला तरी अंधारात ढेकळाचा उंचवटा वाटावा असं ते थिजून उभं राहतं. डुक्कर कानानं ओळखायचं. घाटे फुटल्याचा कुटकुट आवाज, मग मुळं तुटल्याचा, मग नाकातून सोडलेला श्वास. आज खालच्या तुकड्यात तसा आवाज आला. मी हाळी दिली, डबा बडवला. पलीकडच्या मचाणावरून उत्तर आलं, त्याच्यापलीकडून आणखी एक. तीन रानांतली माणसं जागी आहेत एवढं जनावराला कळलं, की ते लवणाच्या वाटेला लागतं.

पहाटे 5.30

आई होती तेव्हा या वेळेला स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावर अंथरायची. पानांवरचं दव आणि पानांतली आंबट चव दोन्ही त्या कापडात उतरायची. पिळून बाटलीत भरायचं. पोट दुखलं, अजीर्ण झालं की ही आंब पाण्यातून. आता सौभाग्यवती तेच करते. फवारणी झालेली असली तर मात्र आठ-दहा दिवस कापड टाकायचं नाही, एवढी काळजी नव्या काळात वाढली.

सकाळी 6.30

उजाडलं की धुऱ्याची फेरी. दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, असं मी मानतो. ऊन चढल्यावर माती मुकी होते. दव आहे तोवर ती रात्रीची सगळी हकीकत सांगते.

शेताभोवती जुन्या साड्या बांधल्यात. मराठवाड्यात आता कुठंही जा, धुऱ्याधुऱ्यानं निळ्या-लाल साड्या फडफडताना दिसतील. चार-सहा दिवस जनावर बिचकतं, मग सरावतं. आज पूर्वेकडची साडी खाली ओढलेली होती आणि तिच्यावर चिखलाचे डाग होते. तिथून आत शिरलेत.

खुरं बघायला वाकलो. डुकराच्या पायाचा ठसा मऊ मातीत लगेच ओळखू येतो. पुढं दोन रुंद नख्या आणि त्यांच्या मागं, दोन्ही बाजूंना, टोचल्यासारखे दोन ठिपके. ते मागचे दोन ठिपके रोहीच्या ठशात सहसा दिसत नाहीत. रोहीचं खूर लांबट, पुढं निमुळतं. ठशाच्या आत दव साचलेलं असलं तर जनावर रात्री लवकर येऊन गेलं. कडा कोरड्या आणि धारदार असल्या, तर आत्ताच. आज डुकराचे ठसे ताजे होते, सोबत बोटभर लांबीची बारकी खुरंही होती. मादी पिलं घेऊन आलेली.

नुकसानही दोघांचं वेगळं. रोही शेंडे खुडतं. झाड उभं राहतं, वरून कापल्यासारखं दिसतं, आणि लवकर खुडलं असेल तर फुटवेही येतात. डुक्कर उकरतं. मुळासकट उपटून, घाटे चावून, चोथा टाकून पुढं जातं. त्या जागी यंदा काही येत नाही.

धुऱ्याच्या कोपऱ्यात पळसाखाली रोहीच्या लेंड्यांचा ढीग आहे. रोही एकाच जागी परत परत येऊन लेंड्या टाकतं. बाबांनी मला लहानपणी दाखवलं होतं ते हेच. ढीग सापडला की कळप कुठल्या अंगानं येतो, कुठं थांबतो, किती दिवस टिकून आहे, सगळं कळतं. आज ढिगावर ओल्या लेंड्या होत्या. म्हणजे काल रात्री रोहीही होते, पण आत आले नाहीत. पळसाखाली उभं राहून माझ्या शेकोटीकडं बघत होते.

सकाळी 8

आखाड्यावर न्याहारी. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, हरभऱ्याची घोळाणा केलेली कोवळी पानं. बैलांना कडबा टाकला. कडबाही आता विकतचा. वरच्या रानात ज्वारी पेरणारी घरं बोटावर मोजण्याइतकी उरलीत.

सकाळी 10.30

पंचनामा. डुकरानं उकरलेल्या तुकड्याची खबर मी परवाच दिली होती. पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायचं असतं. मग वनरक्षक, कृषी सहायक आणि ग्रामपंचायतीचं माणूस मिळून पाहणी करतात, क्षेत्र मोजतात, फोटो काढतात, सातबारा आणि बँकेचं पासबुक जोडून कागद वर जातो.

वनरक्षक तरुण पोरगा आहे. मोटारसायकल खाली लावून चढ पायी चढून आला. "काका, पहाटंच फोटो काढून ठेवत जा. मी येईस्तोवर खुरं पुसून जातात, मंग गुरानं खाल्लं का डुकरानं, हे कागदावर कसं मांडू?" त्याचं म्हणणं खरं आहे. मी मोबाइलमधले फोटो दाखवले, खुराशेजारी वीत ठेवून काढलेले. त्यानं ते घेतले.

गावात पुष्कळ जण हा खटाटोप करत नाहीत. मिळणारी रक्कम नुकसानीच्या मानानं थोडी आणि हेलपाटे फार, असं म्हणतात. तरी मी प्रत्येकाला सांगतो, अर्ज करा. नोंदच झाली नाही तर सरकारदरबारी आमच्या रानात नुकसान झालंच नाही असा अर्थ होतो. उद्या सौर कुंपणाची यादी निघाली तर ती नोंदीवरूनच निघणार. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी 75 टक्के अनुदानाची सोय झाली, तेव्हा ज्या गावांचे कागद तयार होते ती पुढं गेली.

दुपारी 1

जेवण लिंबाखाली. बाबा घरून चालत येतात. वय ऐंशीच्या पुढं, तरी चढ चढतात. त्यांच्यासोबत वाडीवरचे मामा असतात. मामा आंध समाजाचे. कळमनुरी, औंढा, तिकडं हदगाव, उमरखेड, पुसद, या सगळ्या डोंगरपट्ट्यात आंधांची जुनी वस्ती आहे. बाबांची आणि मामांची मैत्री पारधीतली.

ते दोघं बोलू लागले की मी मध्ये तोंड घालत नाही. हे सगळं साठच्या दशकातलं, माझ्या जन्माआधीचं. आमच्या आजोबांकडं ठासणीची बंदूक होती, पीक राखणीच्या परवान्याची. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. त्या बंदुकीचा बार भरणं हेच एक काम होतं. नळीत मापानं दारू सोडायची, वर चिंधीचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत ठासणं, शेवटी घोड्याखाली टोपी. पावसाळी हवेत दारू ओली, की बार फुसका. आणि बार एकच. चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगरापलीकडं गेलेलं असे, नाहीतर अंगावर आलेलं. म्हणून आजोबा पंधरा-वीस पावलांवर जनावर आल्याशिवाय बोट हलवत नसत. मामा म्हणाले, "तुझा आजा श्वास धरायचा ना, तर शेजारी बसलेल्या मला वाटायचं, गेला का काय!"

संक्रांत झाली की पारधीचे दिवस लागत. गावातली आणि वाडीवरची तीस-चाळीस माणसं जमत. पोरं आणि म्हातारे हाका घालायला, म्हणजे डबे, थाळ्या बडवत लवणाच्या एका तोंडानं आत शिरायला. दुसऱ्या तोंडाला बंदूकवाले आणि भालेवाले दबा धरून. सशासाठी वाघूर लावत. हे वाघूर म्हणजे सुतळीचं लांबलचक जाळं, हातभर उंचीच्या काटक्यांवर अलगद टेकवलेलं. ससा धडकला की काटकी पडे आणि जाळं अंगावर येई. थंडीत पारधी कुटुंबंही येऊन माळावर उतरत. त्यांचे फासे घोड्याच्या केसांचे असत. तितर, लावऱ्या त्यांच्याच हातानं धराव्यात, असं बाबा अजून म्हणतात.

मारलेलं डुक्कर वडाखाली आणत. वाटे सारखे पडत. बार टाकणाऱ्याला एक वाटा जादा, पण हाका घालणाऱ्या लहान पोरालाही पुरता वाटा, आणि जिच्या घरी पुरुषमाणूस नाही अशा बाईच्या घरी वाटा पोचवून मगच बाकीच्यांनी उचलायचा. कुत्र्यांनाही त्यांचं मिळे.

दंडक होते आणि ते मोडणाऱ्याला पुढच्या हाक्याला बोलावत नसत. पाणवठ्यावर बार टाकायचा नाही. गाभण मादी सोडून द्यायची. ज्या लवणात एकदा हाका घातला, तिथं त्या वर्षी परत जायचं नाही. पावसाळ्यात पारध बंद. रोहीला कुणी हात लावत नसे.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. पारधीच्या आधी आठवडाभर आजोबा आणि मामांचे वडील सगळं वरचं रान पायाखाली घालत. कुठल्या लवणात पाणी आहे, कुठं गवत उभं आहे, कुठं डुकरानं लोळण केली, कुठं लांडग्याची बिळं आहेत. त्या फिरण्यात फुटलेला बांध दिसला तर जाता जाता दोन दगड ठेवत. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याला सांगत. वणवा कुठून लागू शकतो ते बघून गवताचा पट्टा आधीच कापून घेत. रान राखणं आणि पारध करणं हे एकाच माणसाच्या अंगवळणी पडलेलं एकच काम होतं. मांस वर्षातून मोजक्या वेळा मिळे, रानाची देखरेख मात्र बारा महिने होई.

1972 साल बाबांच्या पिढीला दुष्काळामुळं पाठ आहे. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बाबा तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि दुपारी सुकडी खात होते. कायद्याची बातमी वरच्या रानात पोचायला पुढं बराच काळ गेला. आजोबांनी एका निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणं बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, ती परत आणायला ते गेलेच नाहीत. पारधी कुटुंबांचं मात्र वाईट झालं. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी माथ्यावरचा संशय पुसला गेला नव्हता. त्यात हातातली विद्या बेकायदा ठरली आणि बदल्यात जमीन मिळाली नाही. रान त्यांच्याएवढं कुणालाच वाचता येत नव्हतं. वनखात्यानं त्यांना तेव्हाच राखणीवर घेतलं असतं, तर आज आमच्या डोंगरात जाणती माणसं उरली असती. याची मला मनापासून खंत वाटते.

बाबांना विचारलं, बंदूक असती तर बरं झालं असतं का? ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "बंदुकीचं काय घेऊन बसलास? माळावर गवत होतं का नव्हतं, ते इचार."

दुपारी 3

धुऱ्याचं काम. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात उत्तरेचा बांध फुटला होता. आज सालगडी, मी आणि माझा पोरगा, तिघं लागलो. पोरगा परभणीला शिकतो, सुट्टीला आलाय.

हा बांध दुष्काळातला. त्या काळात वरच्या रानात उताराला आडवे मातीचे बांध घातले गेले, पाझर तलाव झाले, नाल्यांना अडसर पडले. रोजगार हमीचा कायदा नंतर, 1977 मध्ये झाला. पण कामाची सुरुवात त्या उपाशी हातांनी केली. आजही आमच्या विहिरीला जानेवारीपर्यंत जे पाणी असतं ते त्या पाझर तलावाच्या कृपेनं.

बांध फुटतो कसा ते नीट बघितलं तर कळतं. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरचा फाळ दरवर्षी धुऱ्याचा एक तास कोरून नेतो. कुणाला वाटतं, तेवढंच तासभर सोयाबीन वाढलं. पाच-सात वर्षांत चार हाताचा धुरा हातभर उरतो. वरचं गवत आणि बोरीबाभळी जातात, मुळांची पकड सुटते. त्यात डुक्कर किडे आणि कंद शोधायला भुसभुशीत धुराच उकरतं. मग एका मोठ्या पावसात पाणी तिथून तोंड काढतं आणि वीतभर मातीतली चार बोटं माती घेऊन खाली इसापूरच्या पाण्यात जातं. डोळ्यादेखत जमीन वाहून जाताना बघणं फार वाईट.

आम्ही आधी फुटलेल्या तोंडाची सैल माती काढून खालचा मुरूम उघडा केला. त्यावर मोठे दगड, फटींत बारके, मग मुरूम, मग माती, प्रत्येक थर पाण्यानं भिजवून धुम्मसानं ठोकलेला. एका कडेला दगडी सांडवा ठेवला, कारण जास्तीच्या पाण्याला आपण वाट दिली नाही तर ते आपली वाट करतं. पावसाळा लागला की माथ्यावर मारवेलचे ठोंब लावायचे. पोराला सांगितलं, विद्यापीठ आणि तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या म्हणतात, ते आपण घेतो. पण वरंबा उताराला आडवा असला तरच कामाचा. त्यानं मोबाइलवर उताराची रेषा काढून दाखवली. ती बाबांनी डोळ्यानं सांगितलेल्या रेषेशी जुळली, आणि मला फार बरं वाटलं.

सायंकाळी 5

बैल सोडून गायरानाकडं गेलो. गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर हे गायरान आहे. बाबांच्या लहानपणी इथं कमरेएवढं गवत उभं राही. मारवेल आणि पवन्या, मध्ये मध्ये कुसळी. बी झडून गेल्यावरच विळा लावायचा, असा गावाचा नियम होता, त्यामुळं गवत आपलं आपण पेरलं जाई. हरणांचे आणि रोहींचे कळप त्या गवतात दिवसभर बसत. त्यांना शेतात उतरायची गरज पडत नव्हती. लांडगे होते, ते धनगरांची करडं उचलत आणि शिव्या खात, पण डुकरांची पिलंही तेच कमी करत. आमच्या रानात लांडग्याचा आवाज ऐकून आता काळ लोटला. रानडुकरीण एका वेताला चार-सहा पिलं सहज देते. पिलं खाणारं कुणी उरलं नाही, लपायला तूर आणि ऊस मिळाला, खायला बारा महिने पीक मिळालं. संख्या वाढणारच.

आता गायरानाचा थोडाच तुकडा गवताचा उरलाय, त्यातही कुसळीच जास्त. अति चराई आणि वणवा यांत मारवेल-पवन्या मागं पडतात, कुसळी तग धरते आणि कुसं धरली की गुरंही तिला तोंड लावत नाहीत. दरवर्षी मार्चमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी पाला पेटवतो आणि आग माळभर पसरते. आज आम्ही चार-पाच जणांनी वाटेच्या कडेनं जाळरेषेची आखणी केली. फेब्रुवारी उजाडायच्या आत आठ-दहा हाताचा पट्टा साफ करायचा.

गायरान कुणी नांगरलं, हा प्रश्न निघाला की बोट लगेच गरिबाकडं वळतं. ते मला मान्य नाही. मराठवाड्यातल्या भूमिहीन दलितांनी गायरानाचा तुकडा कसायला घेतला तो पोटासाठी आणि मानानं जगण्यासाठी. त्यामागं कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा भूमिहीनांचा सत्याग्रह आहे, 1964 मध्ये त्यासाठी माणसं तुरुंगात गेलीत. 14 एप्रिल 1990 पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारनं 1991 मध्ये घेतला आणि तो योग्यच होता. त्या दोन-तीन एकरांनी माळ संपला नाही. माळ संपला तो मोठ्या धुरेकऱ्यांनी दरवर्षी चार तास पुढं सरकून, मुरूम उपसून, आणि गवताच्या जमिनीला पडीक म्हणण्याच्या सवयीनं. आता शेतीपंपांच्या सौर विजेसाठीही गायरान मागितलं जातंय. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, ही आमचीच मागणी आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण पॅनल कुठं बसवायचे ते ठरवताना कुठं गवत आहे आणि कुठं उघडा मुरूम आहे, एवढं तरी गावाला विचारावं.

सायंकाळी 7.30

पारावर पोरं जमली होती. विषय तोच. एक जण तावातावानं म्हणाला, "काका, नुसतं वरडून किती दिवस काढायचे? धुऱ्यानं तार सोडायची, खांबावरचा करंट द्यायचा. एका राती निकाल."

मी त्याला शेजारी बसवलं. म्हटलं, त्या तारेला डुक्कर आणि माणूस वेगळा कळत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, सरपणाला निघालेली बाई, शेवटी आपलाच भाऊ, अशी माणसं महाराष्ट्रात अशा तारांनी गेलीत आणि तार लावणारे तुरुंगात गेलेत. बॅटरीवरचं झटका मशीन निराळं, त्यात झटका असतो, जीव जात नाही. ते लाव, मी हातभार लावतो.

दुसऱ्यानं परवान्याचं काढलं. 2015 मध्ये राज्य सरकारनं पिकाची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकराच्या पारधीचा परवाना देण्याची वाट खुली केली, हे खरं. पण परवाना कागदावर असतो. बंदूक कुणाकडं आहे, नेम कुणाचा आहे, गाभण मादी ओळखायची नजर कुणाची आहे? बिहारात 2016 मध्ये मोकाम्याच्या बाजूला बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून जास्त रोही मारले, देशभर त्यावर वादंग झालं. रोही मारल्यानं रिकामी झालेली जागा पुन्हा रोहीच भरतात, रान तसंच राहिलं तर. कुणी परदेशाचा दाखला देईल, की न्यूझीलंडच्या डोंगरी कुरणांवर हरणं मारणं हे शेतीचंच काम समजतात. तिथली हरणं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बोटीनं नेलेली, त्या डोंगरांना ती परकी. म्हणून 1930 च्या दशकापासून तिथल्या सरकारनं पगारी शिकारी ठेवले. आपली गोष्ट तशी नाही. रोही आणि डुक्कर या डोंगराचेच. आपण त्यांच्या गवतावर सोयाबीन पेरलं, आणि तरीही आपल्याला पोट आहे, हेही तितकंच खरं. डुकरांची संख्या हाताबाहेर गेली असेल तर ती वनखात्यानं, मोजून, जाणत्या हातांकडून कमी करावी. माझा त्याला विरोध नाही. मात्र ते एकट्यानं पुरणार नाही, हे मी चार माणसांत उभं राहून सांगतो.

मामा तोवर गप्प बसले होते. ते म्हणाले, "आमच्या टायमाला डुक्कर मारायच्या आधी रान इचारायचो. आता रान कुणी इचारंना." मग पोरं मामांना जुन्या हाक्यांच्या गोष्टी विचारत बसली, ते मला बरं वाटलं.

येत्या 26 जानेवारीला ग्रामसभा आहे. आम्ही काही जण ठराव मांडणार आहोत. गायरानाच्या उरलेल्या गवताचा निम्मा भाग तीन पावसाळे चराईबंद ठेवायचा, मारवेलचं बी टाकायचं, जाळरेषा गावानं मिळून काढायची, गवत बी झडल्यावरच कापायचं आणि कापलेल्या गवतात भूमिहीनांच्या शेळ्यामेंढ्यांचा पहिला हक्क. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती आमच्याकडं कागदावर आहे, तिच्या नोंदवहीत बाबांच्या आणि मामांच्या आठवणी उतरवून घ्यायच्या. पारधीच्या वाटा, पाणवठे, गवतांची नावं, कुठल्या लवणात काय होतं, सगळं. दोघंही ऐंशीच्या पुढचे आहेत, हे काम लांबवता येणार नाही.

तुमचं गाव मराठवाड्याच्या अशाच एखाद्या डोंगरावर असेल तर एवढं करा. तलाठ्याकडं जाऊन गायरानाचा सातबारा काढा, जमिनीवर जाऊन त्यातलं गवत किती उरलंय ते स्वतः चालून बघा, सोबत गावातला सगळ्यात म्हातारा पारधी किंवा गुराखी न्या, आणि जे दिसेल ते 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उभं राहून सांगा.